पाणीवाले काका आणि पत्र्याचा घेर

पाणीवाले काका बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरचा पाण्याचा डबा उघडत. त्यातलं पाणी तळहातावर घेऊन चाखायचे, थुंकायचे आणि विचारायचे, "हे खारं पाणी तू पेशीन का? मंग गाडीले काहून पाजून राहिला?" अभनपूर रोडवरच्या त्यांच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात आलेला नवा माणूस इथेच गार व्हायचा.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे खोदकाम, गिट्टी-वाळूला ट्रक पुरत नव्हते. मीही बाबांच्या मागे लागून एक म्हातारा ट्रक घ्यायला लावला. ऐट मोठी, पण भरलेली गाडी चढाला लागली की रेडिएटर उकळायचा. बाकीचे मिस्त्री एकच इलाज सांगत, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून फेका. काकांना त्याचा भयंकर राग. "उन्हाळ्यात घर तापते म्हणून दरवाजा उपटून फेकते का कोणी?"

माझ्या गाडीला त्यांनी चार दिवस दिले. रेडिएटरच्या नळ्या सळईने साफ केल्या, जाळी जास्त जाडीची बसवली. मग जुन्या ड्रमचा पत्रा कापून पंख्याभोवती घेर केला. उघडा पंखा तिथल्या तिथे हवा घुसळतो, घेर असला की जाळीतून ओढतो, असं म्हणत त्यांनी जाळीसमोर कागद धरला. तो चपकन चिकटला तेव्हा स्वतःच खुदकन हसले. घाट चढल्याशिवाय काम पुरं झालं असं ते मानत नसत. केशकालच्या घाटात ते माझ्याशेजारी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून बसले होते. काटा जागचा हलला नाही.

महिनाभराने पंख्याचा पट्टा तुटला. अखंड घेर हाताला आडवा येत होता. मी चार बोल्ट काढून तो बाजूला केला, पट्टा घातला आणि पुन्हा घेर बसवायचा कंटाळा केला. मागे हौद्यात टाकलेला पत्रा वाळूबरोबर कुठे गेला देव जाणे. हिवाळा होता, गाडी तापली नाही, मी विसरलो.

ऊन वाढू लागलं तेव्हा एका कंत्राटदाराने मला काम द्यायचं ठरवलं. त्याचे स्वतःचे आठ जुने ट्रक होते, तेही तापायचे. माझी गाडी नीट चढली तर ते आठही काकांकडे येणार होते. चाचणीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खाणीच्या चढावर निम्म्यातच गाडी उकळली.

वाफेतून कंत्राटदाराने विचारलं, "ये काम किसका है?"

"इन काका का," मी म्हणालो. माझा हलगर्जीपणा कळला तर काम जाईल, एवढंच मला सुचलं.

काका वाकून आत बघत होते. बोल्टांची चार रिकामी भोकं त्यांना दिसली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते ताठ झाले, हात पुसले आणि म्हणाले, "साहब, मेरी ही गलती है."

मला काम मिळालं. आठ ट्रक दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्यानंतर दोन वर्षं मी काकांच्या दुकानावरून रोज जायचो, आणि रोज मान पलीकडे फिरवायचो. उद्या थांबू, पाय धरू, असं ठरवायचो. मला माझी लाज वाटायची, पण गाडी काही थांबायची नाही.

काका गेल्याचं कळलं तेव्हा तेरवीला पुरानी बस्तीत त्यांच्या घरी गेलो. दुकानात डबा घेऊन येणाऱ्या काकूंनी ओळखलं. "तूच न तो जुन्या ट्रकवाला? थांब जरा."

त्या आतून पत्र्याचा घेर घेऊन आल्या. हा दोन भागांचा होता, मधे बिजागरी. एक खिट्टी सोडली की अर्धा उघडायचा आणि पट्ट्याला हात सहज पोचायचा.

"तुह्या गाडीच्या मापाचा हाय. त्या चढावरून आले अन् दुसऱ्याच दिवशी करायले बसले. म्हणत, माझंच चुकलं, पट्टा बदलाले जागाच नाही ठेवली पोट्ट्याले. तुले येता-जाता दिसावा म्हणून दुकानात समोरच टांगला होता. तू आलाच नाही." त्यांनी पदराने पत्र्यावरची धूळ पुसली. "बसवशीन न?"

तो ट्रक मी सहा महिन्यांपूर्वीच भंगारात दिला होता.

"आजच बसवतो काकू," मी म्हणालो, आणि घेर बगलेत धरून बाहेर पडलो.