मेहबूबबीच्या डाल्या

खाण्याची आवड असलेल्या माणसाला सणाला काय द्यावं, असं दिवाळी जवळ आली की कोणी ना कोणी मला विचारतंच. जसं काही मी मिठाईचं दुकान काढलंय! या बाबतीत मला जे थोडं कळतं ते बारामतीच्या मेहबूबबी बागवाननं शिकवलेलं आहे. आणि त्या शिकवणीची झळ मला लागली नाही, तिला लागली. ते एकदा लिहून ठेवायला हवं.

बी.ए. झाल्यावर मी बारामतीला मुलींच्या शाळेत शिकवायला गेले, ते तेहेतीस साल. स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली मेहबूबबी फळं घेऊन बसायची. पन्नाशीची, विधवा, अंगानं काटकुळी. केळीच्या चिकानं तिची नखं कायमची काळी झालेली. भाव विचारायच्या आधी गिऱ्हाइकाला तिच्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागे. खाणारा कोण?

आमच्या शेजारच्या द्वारकाबाई इंदापूरच्या भावाला भाऊबिजेला फळं धाडायची म्हणून डाळिंबं मागायला गेल्या. मी बरोबर होते.

"भावाचं वय काय?"

"साठीला आलाय."

"दात?"

"तुला गं काय करायचंय त्याच्या दातांचं?"

"मला कशाला? डाळिंबाला करायचंय. दात नसतील तर दाणं सोलून पिळून द्यायला एक बाई बी धाडा टोपलीसंगं. न्हायतर ही पपई न्या. चमच्यानं खातील."

द्वारकाबाई चिडल्या, पण पपई घेऊन गेल्या.

मलाही तिनं सोडलं नव्हतं. पुण्याच्या आमच्या जुन्या प्राचार्यांना खाण्याचा फार शौक. त्यांना पेटीभर मोसंबी पाठवायला मी निघाले, तर म्हणते, "बाई, त्यांनी खावं म्हणून धाडताय, का तुमचं नाव काढावं म्हणून?" मी पेटी अर्धी केली.

तिचं खरं कसब दिसायचं नाताळात. कॅनॉलवरच्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर त्या दिवशी बागायतदार फळांची सजवलेली टोपली नजर करायचे. तिला डाली म्हणत. पाण्याची पाळी साहेबाच्या हातात, तेव्हा डाली चुकवून कोणाला चालणार? कळंब, शेळगावपासूनचे लोक मेहबूबबीकडून डाल्या बांधून घेत. खाली पेंढा, त्यावर केळीचं पान, मग फळांचे थर, आणि वर लाल कागदाची झालर. दर साली सतरा डाल्या. त्यांच्यावर तिच्या घरची निम्म्या वर्षाची भाकरी निघे. घरात ती, आणि धाकट्या वयात विधवा झालेली सून चाँदबी. माझं काम चिठ्ठ्यांचं. प्रत्येक बागायतदाराचं नाव इंग्रजीत वळणदार अक्षरात लिहून द्यायचं. त्या बदल्यात मला पेरू मिळत.

छत्तीस सालच्या डिसेंबरात अशीच तिच्या छपराखाली बसून मी चिठ्ठ्या लिहीत होते, आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

"मेहबूबबी, साऱ्या गावाला विचारता खाणारा कोण. साहेबाचं कधी विचारलंत?"

तिचे हात थांबले. "साहेबाचं मला कोण सांगणार, बाई?"

"बंगल्यावरचा सरदार खानसामा तुमच्याच गल्लीतला ना? जाऊन विचारा त्याला. साहेबाला डाळिंब आवडतं का पेरू, एवढं तर सांगेल."

अक्कल शिकवण्याची हौस मास्तरणींना असतेच. मी शिकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार लिंबं पदरात बांधून ती बंगल्याच्या मागच्या दारी गेली. सरदार पोट धरून हसला म्हणे. साहेबाचं पोट तीन वर्षांपासून बिघडलेलं. उकडलेलं अंडं आणि भाताची पेज, याखेरीज त्याच्या तोंडात काही जात नव्हतं. नाताळात तो व्हरांड्यात उभा राही, एकेका डालीला बोट लावी, थँक्यू म्हणे आणि डाल्या मागे जात. त्यातलं बरं ते सरदार विकून टाकी. उरलेल्यातलं थोडं मागच्या चाळीतले नोकर खात. आणि डाळिंबं?

"घोड्याला," सरदार म्हणाला. "लई आवडीनं खातंय. सालीसकट."

आधीचा साहेब तर डाल्या न सोडताच मुंबईला दोस्तांकडे रवाना करायचा. म्हणजे अकरा वर्षं मेहबूबबीनं थर लावले होते, पण खाणारा कोण ते तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा चाँदबी सासूवर तोंड टाकत होती.

"घोड्याला त्वांड न्हाय व्हय, अम्मा? आवडीनं खातंय न्हवं? मग तुमचा नेम राहिला की!"

"घोड्यासाठी बांधायचं तर कडबा बांधीन. डाळिंब कशाला?"

"बांधा मग कडबा! आन आमी काय खायाचं, तेच का?" चाँदबी माझ्याकडे वळली. "बाई, तुमी कशाला यांच्या डोक्यात भरवलं हे?"

पेच साधा होता. गिऱ्हाइकांना खरं सांगावं तर डाल्या बंद पडतील, आणि न सांगता बांधाव्यात तर जन्मभर ज्या एका गोष्टीवर ती अडून बसली ती सोडून द्यायची. मी तिच्या जागी असते तर गप्प बसून डाल्या बांधल्या असत्या. हे लिहायला मला लाज वाटत नाही. पोट प्रत्येकाला असतं.

तिनं सांगून टाकलं. पहिले आले ते कळंबचे आप्पासाहेब. दीडशे एकर ऊस, डोक्याला जरीचा पटका. मी चिठ्ठ्या घेऊन तिथंच होते. सगळं ऐकून आप्पासाहेब रागावतील असं मला वाटलं होतं. ते खूश झाले.

"मग ब्येसच झालं की! वरचा थर झकास लाव. खाली डागी माल घाल. कोण बघतंय?"

वर चांगलं आणि खाली सडकं, ही फळांच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चोरी. मेहबूबबीनं ती कधी केली नव्हती. आता गिऱ्हाईकच तिला ती करायला सांगत होतं, आणि वर हसत होतं.

"डागी मी बांधत न्हाय, आप्पासाहेब."

"आगं, घोड्याला द्यायचं त्ये!"

"मागं माणसं हायेत. घोड्याचा मोतद्दार हाय, माळी हाय, त्यांची पोरंबाळं हायेत. मी त्यांच्यासाठी बांधते. वर मोसंबी लावते, साहेबाच्या नजरंला. खाली बोरं, शेंगा, रताळी, उसाची कांडी, गुळाचा खडा. दर सालापक्षी तुमाला स्वस्तच पडंल."

"रताळी?" आप्पासाहेब उठून उभे राहिले. "नाताळाला? उद्या कुणी टोपलीत हात घातला तर? कळंबच्या आप्पासाहेबानं साहेबाला रताळी दिली म्हणून तालुक्यात तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायची!"

"आन सडकं डाळिंब हाताला लागलं तर?"

"तितं हात कोण घालतंय!"

"मग रताळ्यात तरी कोण घालतंय?"

मला हसू आलं. ते मी दाबलं नाही, तीही माझी चूकच. आप्पासाहेब तसेच निघाले आणि दुसऱ्या बागवानाकडे गेले. त्यांच्या मागून आणखी सात जण गेले. त्या डाल्यांच्या तळाला काय होतं ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे. मेहबूबबीकडे नऊ राहिले. ते काही तिच्या नेमासाठी राहिले नाहीत, स्वस्त पडतंय म्हणून राहिले. माणसाच्या चांगुलपणावर मी उगाच शाई खर्च करत नाही.

चाँदबी चार दिवस सासूशी बोलली नाही. तिचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या उन्हाळ्यात ती दुसऱ्याच्या मळ्यात भाजी खुडायला जाऊ लागली, ते या आठ डाल्यांपायी.

मेहबूबबीनं मात्र त्या नऊ डाल्या बांधताना कधी घेतली नव्हती एवढी मेहनत घेतली. आधी परत जाऊन चाळीतल्या बायांना भेटली. कोणाला खोकला, कोणाला दिवस गेलेत, मोतद्दाराच्या आईला आंबट बाधतं, हे सगळं विचारून आली. बोरं एकेक पारखून घेतली. शेंगांची माती फडक्यानं पुसली. मी म्हटलं, "अहो, पुरे." ती ऐकेना. मी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या.

नाताळच्या दिवशी डाल्यांना साहेबाचं बोट लागलं आणि त्या मागे गेल्या. रिकाम्या टोपल्या न्यायच्या निमित्तानं मेहबूबबी आधीच तिथं जाऊन बसली होती. सरदार खानसाम्याला विकण्याजोगं फारसं काही मिळालं नाही. तो कुरकुरत आत गेला. चाळीत मात्र लगेच चूल पेटली. मेहबूबबी दिवस मावळेपर्यंत तिथंच बसली.

परत आली ती सरळ माझ्या खोलीवर. मला वाटलं, रडेल. तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, साखरबाई हाय न्हवं, मोतद्दाराची आई? तिनं माझ्या रताळ्याला नावं ठेवली!"

"नावं ठेवली? आणि तुम्ही हसताय?"

"शिरा हायेत म्हणाली रताळ्यात. दातात अडकत्यात म्हणाली. काढून दाखवली मला शीर, ही एवढी." तिनं बोटभर माप दाखवलं. "अकरा वर्सं डाल्या बांधल्या, बाई. एकानं बी नावं ठेवली न्हवती. शेळगावची घेतली तितंच चुकलं माझं. वरकुट्याची घ्यायला पायजे हुती, ती मऊ असत्यात."

"पुढच्या साली घ्या."

"पुढच्या साली कशाला? ती काय वरीसभर उपाशी बसणार हाय?" ती उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली. "बघा, विचारायचंच ऱ्हायलं. उकडून खाती का भाजून? उद्या जाते."