आईची चिमूटभर हळद

झेंडूचा वास आला की पुसेगावचा तो दसरा आठवतो. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन करायला सिरियम ऑक्साइडवर निकेल चढवून केलेली उत्प्रेरकाची माझी उरलेली शेवटची पूड मी बाटलीत भरून सोबत घरी आणली होती. आईनं ती बाटली विळ्या-खुरप्यांशेजारी पाटावर पुजली आणि झाकण उघडून आत चिमूटभर घरची हळद टाकली. "कशाला टाकलीस?" मी ओरडलो. "तुजं हत्यार न्हाई व्हय ते?" ती म्हणाली. नाइलाजानं प्रयोगशाळेत तीच पूड वापरली, तर महिनाभर रुसलेला वायू भराभरा मिथेन होऊ लागला. "काय बदललंस?" सरांनी विचारलं. तेव्हापासून नव्या पूडीत हळद तोलून घालून बघतोय, पुन्हा काही जमत नाही. परवा आईला विचारलं, किती टाकली होतीस? म्हणाली, "देवाला वाहते तेवढीच."