छुईवाल्या बाईची चौकट

छुईवाली बाई सुरू केलेल्या भिंतीपुढून उठत नसे. चहा आला तर बसल्या जागी घेई. चित्राभोवतीची चौकट चारी बाजूंनी मिटली की मगच कंबर सरळ करी. "उघड्या चौकटीतून समदं निंगून जाते, गुरुजी," असे ती सांगे. काय निघून जाते, हे मी कधी विचारले नाही.

छुई म्हणजे आमच्याकडची पांढरी माती. चोरखमाऱ्याकडच्या जंगलपट्टीतून बाई ती टोपलीत घेऊन दिवाळीआधी माझ्या गावी, कुडव्याला येई. माझ्या घराची मागची भिंत सारवी आणि तीवर गेरूने व काजळीने मोर, हरणे, धानाच्या लोंब्या काढी. पुढच्या वर्षी त्याच हातांनी सारे पुसून टाकी. मी चित्रकलेचा शिक्षक, एकदा हळहळलो. "मंग नवं कुठी काढू? तुमच्या डोक्शावर?" ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी शहरात दिवाळीच्या तोंडावर गृहसजावटीचे प्रदर्शन भरले. संयोजक माझा जुना विद्यार्थी. लोकांसमोर भिंत रंगवणारे कोणी त्याला हवे होते. मी बाईचे नाव दिले. ती तयार नव्हती. उन्हाळ्यात लग्न झालेली नात पहिल्या दिवाळीला यायची होती. तिच्यासाठी घरची भिंत रंगवायची होती. "दोनच दिवसांचे काम आहे," असे मी सांगितले. माझ्या शब्दावर ती आली.

तीन बाजूंना प्लायवूड, वर प्रखर दिवे, समोर दोरी. त्या खोलीत बाई बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र झाले. चौकटीची एकच बाजू राहिली. संयोजक धावत आला. "अम्मा, बॉर्डर अभी मत करो. पब्लिक को चलता काम दिखना चाहिए." प्रदर्शन दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत वाढले होते. बाईने माझ्याकडे पाहिले.

"थांबा," मी बाईला म्हणालो. विद्यार्थ्याची अडचण मला मोठी वाटली.

पुढे तीन दिवस ती त्याच मोरांवर ठिपके देत राहिली. रात्री माझ्या घरी चला म्हटले, तर तिने तिथेच पदर अंथरला. एका गृहिणीने हे सोफ्याच्या रंगाशी जुळेल का, असे विचारले. "सोफाच घेऊन ये, त्यालेच रंगवतो," बाई म्हणाली. लोक हसले. ती हसली नाही. समोरची दोरी गुडघ्याएवढ्या उंचीची होती. ओलांडणे अवघड नव्हते. पण चौकट उघडी होती आणि मिटवायला माझी मनाई होती.

शेवटच्या दिवशी नात तिला शोधत तिथेच आली. "आजी वो, घरची भित कोरीच आहे. तू इथी काय करून राहिली?"

"गुरुजीले विचार."

मी घड्याळ पाहिले. प्रदर्शन संपायला अजून चार तास आहेत, असे सांगितले. सारवलेली भिंत सुकायलाच एक दिवस लागतो, हे मला ठाऊक होते. नात उभ्याउभ्याच परत गेली.

पुढच्या दिवाळीला बाई आली नाही. मी तिच्या गावी गेलो. ती उन्हाळ्यातच वारली होती. नात घरी होती. घरची भिंत पांढरी होती, तीवर काही नव्हते.

"आजीनं शहरात काढलेली थे भित कुठी आहे?" तिने विचारले. "मले पाहाची आहे."

प्लायवूड मंडपवाल्याचे होते. त्याने ते दुसऱ्याच दिवशी उखडून नेले होते. मी तसे सांगितले.

"म्हंजे दोनी भिता गेल्या."

मी हो म्हणालो.