न वाचता ओके

काकू स्क्रीनवरचा कोणताही प्रश्न न वाचता ‘ओके’ दाबत, आणि त्याचाच त्यांना पगार मिळे. जयपूरला गोपालपुऱ्यात, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. मी लिहिलेले प्रोग्राम तपासायचं काम काकूंकडे होतं. त्यांचे यजमान बँकेत, बदलीवर आलेले. ऑफिस काकूंना आंटीजी म्हणे. दोघंही मराठी, म्हणून मी काकू म्हणे. “घाईतला माणूस वाचत नाही रे,” त्या म्हणत. “मी त्याची प्रतिनिधी.”

आमचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी होतं. टॅबची तेव्हा नवलाई होती. एका खिडकीत चार टॅब, चार पेशंट. पण एका टॅबमध्ये ‘रिपोर्ट पक्का करू?’ अशी चौकट आली, की तिला उत्तर दिल्याशिवाय बाकीचे तीनही टॅब हलत नसत. मला ती शिस्त वाटे.

“एकाचं अडलं म्हणून बाकीच्यांनी का थांबायचं?” काकूंनी विचारलं. मालकांनी ठेवणीतल्या वाक्यानं विषय मिटवला: “मॅडमजी, कस्टमरने मांगा है क्या?”

काकूंनी रजा टाकली, बसनं चौमूंला गेल्या आणि तिथल्या लॅबच्या काउंटरमागे दिवसभर बसल्या. दुपारी दुसरा पेशंट ताटकळत होता, म्हणून काउंटरवरच्या मुलीनं मधे आलेली चौकट घालवायला ओके दाबलं. न तपासलेला साखरेचा रिपोर्ट पक्का होऊन एका म्हाताऱ्याच्या हातात गेला. काकूंनी त्याला बसस्टँडवर गाठून कागद परत घेतला. “त्या पोरीनं अगदी माझ्यासारखं केलं,” दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

तीन आठवडे खपून मी चौकट ज्या-त्या टॅबपुरती केली. पाचव्या मिनिटाला काकूंची हाक आली. “अरे, मतलब, मागच्या टॅबमधली चौकट उडी मारून पुढे येते. तिला म्हणावं, आपल्या खोलीत बस.” तेही केलं.

मालकांनी ही सोय माहितीपत्रकात ‘हमारी सोच’ या मथळ्याखाली छापली. काकूंनी पत्रक शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, “छपाईच्या दोन चुका आहेत.”

वर्षभरात यजमानांची भोपाळला बदली झाली. निरोपाला मालकांनी शाल दिली, भाषण केलं, त्यात काकूंचा उल्लेख राहून गेला.

त्यांच्या जागी आलेल्याला तीन महिन्यांत एकही चूक सापडली नाही. मालकांनी पेढे वाटले. लॅबवाल्यांचे तक्रारीचे फोन तेवढे वाढले, आणि ते घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी घेतो म्हणालो.

“प्रोग्रामर होके?” मालकांनी विचारलं.

मी माझं टेबल फोनजवळ सरकवलं.