भाऊजींचे पायथॉन आणि कपाटावरची खोकी

आमच्या भाऊजींइतका घाईचा माणूस उभ्या अमिरातीत दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगते. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राहायला अल कुसैसला, ऑफिस दुबई मरीनात. रांगेत यांचा पहिला नंबर असला तरी खिडकी अजून का उघडली नाही म्हणून हे गृहस्थ काच वाजवतात. लिफ्टचं बटण एकदा दाबून यांचं समाधानच होत नाही, लिफ्ट विसरेल की काय अशा काळजीनं दाबत राहतात. इथे कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न दिला की करक चहा, म्हणजे आपला कडक दुधाचा, गाडीपाशी येतो. साऱ्या देशाची ही ऐटबाज सोय आहे. भाऊजी हॉर्न देतात आणि धीर न धरवून स्वतःच उतरून आत जातात. मग चहावाला गाडीशी उभा, हे काउंटरशी उभे, आणि ताई गाडीत बसून दोघांना हातवारे करतेय, हा प्रकार मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. विमानतळावर तर ते इतक्या लवकर पोचतात की आदल्या विमानाचे प्रवासी त्यांना आपल्यातलेच समजून गप्पा मारतात.

आता असा माणूस जुन्या वस्तू धडाधड काढून टाकत असेल असं तुम्हाला वाटेल. छे, नाव नको! नवीन आणायची जेवढी घाई, तेवढाच जुनं काढायच्या नावानं जीव कासावीस. त्यांच्या घरात प्रत्येक कपाटावर छताला टेकतील अशी खोकी रचलेली आहेत. मिक्सरचं, इस्त्रीचं, टीव्हीचं, सगळी थर्माकोलसकट. ज्या टीव्हीचं खोकं आहे तो टीव्ही कधीच भंगारात गेला, पण खोकं आपलं आहे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, की परत जाताना मूळ खोक्यात भरलेलं सामान कार्गोत फुटत नाही. आणि परत तर जायचंच आहे! ताई लग्न होऊन इथे आली तेव्हापासून ते पुढच्या वर्षी परत जाणार आहेत. डोंबिवलीचा फ्लॅट कुलूप लावून तयार आहे. म्हणून इथे भिंतीला खिळा मारायचा नाही, चांगले पडदे घ्यायचे नाहीत, जे करायचं ते तात्पुरतं. मी त्या खोक्यांवरून त्यांच्याशी किती भांडले असेन! दर वेळी हसून म्हणायचे, "असू दे गं, लागेल कधीतरी." धूळ मात्र ताईनं पुसायची.

यंदा त्यांच्या ऑफिसात नवीन साहेब आला. भाऊजी मालवाहतुकीच्या कंपनीत आहेत. कुठला कंटेनर कधी सुटणार, कुठे अडकला, याचे तक्ते एक्सेलमध्ये भरण्यात त्यांची हयात गेली. साहेबानं मीटिंगमध्ये गोड आवाजात सांगितलं की यापुढे हे काम प्रोग्राम करील. ज्याला असा प्रोग्राम लिहिता येईल त्यानं महिनाअखेरच्या सोमवारी येऊन दाखवावा, बाकीच्यांचं नंतर बघू. या 'बघू'चा अर्थ इथे शाळेतल्या पोरांनाही कळतो. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की बिऱ्हाड आवरलं. त्यात माझी भाची बारावीत. मग भाऊजींनी पन्नाशी उलटल्यावर पायथॉन, म्हणजे असे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकायला घेतलं आणि, माणसाचं कौतुक करायला हवं, प्रोग्राम लिहिलासुद्धा. ऑफिसच्या मशीनवर काही टाकायची परवानगी नव्हती म्हणून घरचा लॅपटॉपच घेऊन जायचा होता, आणि नेमका तिथेच प्रोग्राम अडून बसला.

शनिवारी सकाळी मी अल मजाजच्या माझ्या घरी पोहे परतत होते तेवढ्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, चालतंय आणि चालत नाहीये. पोरांचे बाप अशी लक्षणं सांगायला लागले की डॉक्टर काय करत असतील कोण जाणे! मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली, म्हणजे नातेवाइकांच्या दृष्टीनं प्रिंटरपासून पासवर्डपर्यंत सगळ्याची हक्काची वैद्य. गेले. दार त्यांनीच उघडलं, बेल वाजवायच्या आधी.

लॅपटॉप बघितला आणि मी डोक्याला हात लावला. आत एक पायथॉन नव्हतं, पायथॉनची चाळ होती. झालं असं होतं की काही अडलं की भाऊजी एक व्हिडिओ बघायचे, आणि त्यातला माणूस सांगेल ते पायथॉन तिथल्या तिथे टाकून घ्यायचे, व्हिडिओ संपायच्या आत. दुसरं अडलं की दुसरा व्हिडिओ, दुसरं पायथॉन. जुनं काढायचं नाही, ते असू दे. एक त्यांनी वेबसाइटवरून घेतलेलं, एक संगणकातल्याच ॲपच्या दुकानातून आलेलं, एक कुठल्याशा भल्यामोठ्या पॅकेजबरोबर आत शिरलेलं. मी त्यांना समजावलं, की तुम्ही नुसती 'पायथॉन' अशी हाक मारलीत तर संगणक ठरलेल्या क्रमानं घरं बघतो आणि पहिलं सापडेल त्याला उठवतो. एक्सेलची फाइल वाचायचं सामान तुम्ही एकाकडे दिलंत आणि काम दुसऱ्याला सांगितलंत, तर तो 'माझ्याकडे नाही' असंच म्हणणार. मग कमांड देऊन सगळ्यांचे पत्ते पडद्यावर काढून दाखवले. भाऊजी चष्मा वर करून बघत राहिले. त्यांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं; उलट घरात एवढा साठा निघाल्याचं त्यांना समाधानच वाटलेलं दिसलं.

मी म्हटलं, सगळी काढायची आणि एकच नीट टाकायचं. झालं! भाऊजी उठून बाल्कनीत गेले, परत आले, पाणी प्यायले, फ्रिज उघडून बंद केला. म्हणाले, एखादं तरी ठेवू या, नवीन नाही चाललं तर? भाची तिच्या खोलीतून ओरडली, "बाबा, जस्ट डिलीट एव्हरीथिंग!" तरीही मी काढायला सुरुवात केली. काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी सरकेना तशी भाऊजी तिला "यल्ला, यल्ला", चल लवकर, म्हणत येरझाऱ्या घालायला लागले. मी ताईकडे स्वयंपाकघरात चहा घ्यायला गेले, एवढंच, आणि येऊन बघते तर गृहस्थांनी मधल्या वेळात आणखी एक नवं उतरवायला लावलेलं! आता मात्र माझी सटकली. भाऊजी, म्हटलं, तुम्ही लॅपटॉपपासून लांब बसा, नाहीतर सोमवारी ती खोकी खरंच खाली काढावी लागतील.

बोलून गेले आणि जीभ चावली. भाऊजी सोफ्यावर बसले. पाय हलत नव्हता, बोटं वाजत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. कपाटावर नजर लावून हळू आवाजात म्हणाले, "खोकी आहेत गं सगळी. पण मला जायचं नाहीये."

ताई दारात हात पुसत उभी होती, तिनंही ऐकलं. मला त्या क्षणी भाऊजींबद्दल इतकी माया वाटली की त्यांच्यावर ओरडल्याचं फार वाईट वाटलं. मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि गुपचूप कामाला लागले. एकेक करून सगळं काढलं, एकच पायथॉन टाकलं, लागणारं सामान त्याच्याच हवाली केलं. मग त्यांना बोलावून म्हटलं, आता तुम्ही चालवा. त्यांनी बटण दाबलं. एकदाच. तक्ता सरसर भरत गेला, आणि भाऊजी कितीतरी वेळ तो वाचत राहिले, चुका शोधायला नव्हे, नुसतेच.

सोमवारी दुपारी फोन आला. साहेबाला प्रोग्राम आवडला, बाकीच्यांनाही शिकवा म्हणाला. "खलास, झालं एकदाचं!" भाऊजींचा आवाज नेहमीसारखा घाईत होता, अर्धं बोलणं लिफ्टमध्ये शिरतानाच चाललं होतं. भाचीची बारावी इथेच होणार, ताई आता पडदे घेऊ या म्हणतेय, सगळं एका दमात सांगितलं. मग लिफ्टचं दार लागल्यासारखा आवाज आला आणि ते जरा थांबले. म्हणाले, तू इतकी वर्षं मागे लागली होतीस, तर या शनिवारी येतेस का, ती खोकी काढून टाकू या.

मी खिडकीशी उभी होते. खाली खालिद लगूनच्या पाण्यावर ऊन पडलं होतं, आणि आमच्याही कपाटावर मिक्सरचं खोकं होतं, आमचाही पुण्याला फ्लॅट कुलूपबंद होता. एवढ्या वर्षांच्या भांडणानंतर आता हो म्हणायला माझी जीभ काही केल्या वळेना.

"असू देत, भाऊजी," मी म्हटलं. "लागतील कधीतरी."