जुन्या पायथनला निरोप

जुनं पायथन वापरणाऱ्यांची मला मनापासून चीड होती. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. तिची दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि जुन्या काही वर्षांनी निकालात निघतात. अमेरिकेत हर्नडनला नोकरी सांभाळून मी तारखा वाचणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, चालवायचो, फुकट. आणि ही फुकटी मंडळी मात्र जुन्या आवृत्तीला घोरपडीसारखी चिकटून बसणार, वर मीच त्यांचे लाड करायचे!

माझ्या जोडीला एक नागपूरचा मित्र होता. "यार, एकदा विचारून तरी घे," तो म्हणाला. मी नाक मुरडत प्रोजेक्टच्या पानावर सूचना लावली: जुन्या आवृत्तीचा सपोर्ट काढतोय, हरकत असेल तर महिन्याभरात इथे लिहा. कुणीही लिहिलं नाही. "बघ, कुणाचं काही अडत नाही," असं मित्राला ऐकवून मी जुन्यासाठीचा सगळा कोड उडवला, लायब्ररीची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली आणि आठवडाभर ऐटीत फिरलो.

पुढे एका रविवारी मी मराठी शाळेत मुलीला घ्यायला गेलो. तिथे मुलांना शिकवणारे एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची लायब्ररी आमच्याकडे होती." ते एका हॉस्पिटलची अपॉइंटमेंटची सिस्टिम सांभाळत. सर्व्हर जुना होता, आणि तो अपग्रेड करणं त्यांच्या हातात नव्हतं. माझी नवी लायब्ररी आपोआप उतरली आणि सगळं बंद पडलं.

"पण जुन्या पायथनवर ती इन्स्टॉल झालीच कशी?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"मिनिमम व्हर्जनची लाइन टाकायची राहिली होती," ते हळूच म्हणाले.

कमीत कमी कोणतं पायथन लागेल, हे सांगणारी ती ओळ असली की जुन्या मशीनवर नवी लायब्ररी उतरतच नाही. जगाला आळशी म्हणणारा मी, तीच विसरलो होतो.

"मग पानावर लिहायचंत ना, काका! नोटीस पाहिली नाहीत?"

"पाहिली की. पण चारचौघांत आपल्याच माणसाला नाही कसं म्हणायचं? आणि नंतर तुमची चूक तिथे दाखवायची म्हणजे... बरं दिसलं नसतं."

हॉस्पिटलला मात्र त्यांनी "मीच टेस्ट केलं नाही" असं सांगून चूक स्वतःवर घेतली होती. कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल झालं, नोकरी गेली. व्हिसावर नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात, त्यातले एकोणीस उरले होते. नाहीतर बारावीतल्या मुलाला घेऊन परत जायचं. असल्या भिडस्तपणाचा मला संताप आला, आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली.

"एक इंटरव्ह्यू झालाय. रेफरन्सला तुमचं नाव दिलं तर चालेल?" त्यांनी संकोचत विचारलं.

दोन दिवसांनी त्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. आधीचं काम का गेलं, असं त्यांनी विचारलं. माझ्या चुकीमुळे, मी ठणकावून सांगितलं. ते तर स्वतःची चूक म्हणाले होते, त्या म्हणाल्या. मग तुमच्यापैकी खोटं कोण बोलतंय?