विटेचा शेक

दवाखान्यात माझ्या शब्दाला वजन होतं. अंगावर पांढरी साडी असली की गावचे पुढारीसुद्धा "व्हय सिस्टर" म्हणत दंड पुढं करायचे. घरी आले, डोक्यावर पदर घेतला, की मी धाकटी सून. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

आमचं घर अवसरी बुद्रुकला. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. दोन हजार सालाच्या आगेमागे त्यांना साखर निघाली आणि हळूहळू पाय बधिर झाले. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही, मागून येणारा सांगायचा. ते हसण्यावारी न्यायचे. मला हसू यायचं नाही, कारण अशा पायांचं पुढं काय होतं ते मी रोज बघत होते.

त्या थंडीत त्यांच्या पिंढऱ्यांना गोळे येऊ लागले. मामा आजारी आहेत म्हटल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि उपाय सांगितल्याशिवाय उठत नाही. बिस्किटांच्या पुड्यांनी फळी भरली. कुणी रुईची पानं सांगितली, कुणी लसणीचं तेल. भावकीतल्या एका म्हातारीनं सांगितलं, वीट तापवा, गोणपाटात गुंडाळा आणि तळपायाला लावून धरा.

सासूबाईंनी लगेच चुलीत वीट सारली. स्वयंपाकघरात शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, वीट नको. त्यांना चटका कळायचा नाही."

"आमी काय आजवर माणसं शेकली न्हाईत? तुजी नर्सगिरी दवाखान्यात ठेव."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या डोक्यात सणक गेली. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, चुलीतली वीट काढून घ्यायला हवी होती. मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मनात आलं की येऊ दे एखादा फोड, म्हणजे यांची जिरेल.

सासूबाई बाहेरच्या खोलीत मामांच्या पायाशी बसल्या. मी दाराला टेकून उभी राहिले.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"लई बरं," मामा म्हणाले.

सकाळी गोधडी काढली तर टाचेवर अंड्याएवढा फोड. मग मात्र मी जीव ओतला. दोन्ही वेळा जखम धुतली, पट्टी केली, रजा काढली. पण साखरेच्या माणसाची जखम ती. महिन्याभरात टाच काळी पडली. पुण्याला नेलं, तिथं गुडघ्याखाली पाय काढला.

"म्या माज्या हातानं जाळला," म्हणत सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यापुढं रडायच्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मी ते ऐकून घ्यायची. त्या ऐकून घेण्याची आजही लाज वाटते.

पुढं एकदा दुपारी मी मामांची पट्टी बदलत होते. सासूबाई मळ्यात होत्या. इतके दिवस पोटात ठेवलेलं मी विचारलं, "मामा, तुम्हाला काहीच कळत नव्हतं, मग बरं वाटतंय कशाला म्हणालात?"



"ती बिचारी एवढी खाली बसून शेकत व्हती, तिला काय सांगायचं? आन तू व्हतीस ना दारात उभी. म्या बगितलं तुला. म्हणलं, काय कमीजास्त असतं तर पोरगी बोलल्याबगर ऱ्हायली नसती. एवढं शिकलीय ती."

त्या घरात माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवणारं एक माणूस होतं, हे मला त्या दुपारी कळलं. मी पट्टीची गाठ मारली आणि म्हणाले, "मला वीट एवढी तापलेली दिसली नाही, मामा."

"न्हाई ना? मग तुजी काय चूक?" ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.